बंदूक द्या, चादर घ्या

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या पूजेसाठी घरातली ठासणीची बंदूक पुसता पुसता सोजरबाईचा थोरला रावजी गेला. आत बार भरलेला आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तेव्हापासून बंदूक माळ्यावर पडून होती आणि खाली म्हातारीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

यंदा सोलापूरच्या कुठल्याशा समितीची जीप 'बंदूक द्या, चादर घ्या' असं भोंग्यावर ओरडत मैंदर्गीत शिरली, तेव्हा सगळ्यांच्या आधी सोजरबाई पोचली. "लई पुण्य लागंल बाबांनो तुमाला. हिला मोडा आन् भट्टीत घाला," म्हणाली. त्या रात्री नवी चादर पांघरून ती वर्षात पहिल्यांदा गाढ झोपली.

समितीनं एकही बंदूक मोडली नाही. बाहत्तरच्या दुष्काळापासून चोऱ्यामाऱ्या वाढल्यात, तर घरटी एक बंदुकीचा परवाना द्या, असा मोर्चा त्यांना सरकारवर न्यायचा होता. त्या मोर्चाच्या खर्चासाठी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सोलापुरात मंडप घालून त्यांनी सगळ्या बंदुकांचा लिलाव केला. म्हातारीला यातलं काही ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

दिवेलागणीला धाकटा जोतीराम सोलापूरहून परतला आणि काखेतलं लांबडं गाठोडं त्यानं मोठ्या कौतुकानं आईपुढं सोडलं.



"आये, रावदादाची आठवण परक्याच्या घरात जाऊ दिली न्हाय बघ! आता एक फडकं दे की, उद्याच्या पूजेला पुसून ठिवतो."