केतनचा सोलो

"पोरीच्या बोटांत मेटलचा जोर नसतोय. तू आपली साऊंडवर बस," म्हणत केतननं राजनंदिनीला मेटल बँडच्या स्टेजवरनं खाली उतरवलं. शिरोलीतल्या फौंड्रीमागच्या शेडात तिनं वाजवून रेकॉर्ड केलेला गिटारचा सोलो मात्र ठेवून घेतला. आता कार्यक्रमात तेच रेकॉर्डिंग वाजायचं आणि केतन मिक्सरवर आवाज बंद ठेवलेल्या गिटारीवर नुसती बोटं नाचवायचा.

त्या दिवशी पोरं स्टेजला चिकटून त्याच बोटांचे व्हिडिओ काढत होती. "हात बघ की भावाचा. जाळ अन् धूर संगटच हाय."

केतन फुगला. मिक्सरवर बसलेल्या राजनंदिनीला त्यानं खूण केली, गिटारचा आवाज वाढव.



तिनं आपलं रेकॉर्डिंग बंद केलं आणि त्याच्या गिटारचा आवाज पार वरपर्यंत नेला.