खिडकीतला हात

“हा हात सिरिलचा नाही, माझा आहे!”

नॉरिस एंटविसलने फलकावर काठी आपटली, तशी शेजारच्या तंबूतली चहाची रांगसुद्धा वळून बघायला लागली.

लँकशायरातल्या त्या जुन्या लॉऱ्यांच्या मेळाव्यात यंदा सगळ्यांची नजर एकाच गाडीवर होती. सदुसष्ट सालची फोडन कंपनीची लॉरी, पाठीवर काँक्रीट कालवणारा ड्रम. क्लबच्या मंडळींनी आठ वर्षं खपून तिला उभी केली होती. तिच्यापुढे फलक आणि फलकावर वर्तमानपत्रातला जुना फोटो. गावच्या पोहण्याच्या तलावाच्या प्रेक्षक-गॅलरीचं काँक्रीट ओतलं जात होतं, त्या शनिवारचा. फोटोत गाडी स्पष्ट दिसत होती. चालकाचा चेहरा मात्र नव्हता. खिडकीतून बाहेर टेकलेला उघडा हात तेवढा होता. खाली लिहिलं होतं, ‘चालक: सिरिल हेस्केथ’.

नॉरिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं ही गाडी त्याने चालवली होती. चिकटून दगड झालेलं काँक्रीट फोडायला हातोडा घेऊन तो या ड्रममध्ये शिरायचा. त्या दणदणाटात डावा कान कायमचा गेला. आणि नाव कुणाचं, तर सिरिलचं! ज्याला गाडी धड मागे घेता येत नव्हती, त्याचं! सिरिल दोन वर्षांपूर्वी वारला होता. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण नॉरिसने असले नियम कधी पाळले नव्हते.

टेबलामागे क्लबची नवी सेक्रेटरी हिलरी बसली होती. पासष्टीची बाई, वर्षापूर्वीच क्लबात आलेली. तिने शांतपणे एक वही पुढे सरकवली. “त्या दिवशीच्या हजेरीत सिरिलचं नाव आहे.”

“अगं बाई, हजेरी ऑफिसात बसून लिहायचे! सिरिलने माझ्याशी पाळी बदलली होती. मालकाला कळलं असतं तर दोघांच्याही हातात नारळ दिला असता, म्हणून बोललो नाही.”

“असं आता कोणीही म्हणेल.”

“कोणीही?” नॉरिसचा आवाज चिरकला. भोवती जमलेले म्हातारे ड्रायव्हर हसायला लागले. “कोणीही? मग ऐक. त्या दिवशी माल इतका घट्ट होता की खोऱ्याने ओढवेना. पोरं मला आईबहिणीवरून शिव्या घालत होती. फोरमन चहाला गेला आणि मी गाडीवरच्या टाकीचा नळ ड्रममध्ये सोडला. चाळीस गॅलन पाणी! माल असा पळाला म्हणतेस! अकराला काम खलास, फोटो काढून झाला आणि तीनच्या मॅचला मी मैदानावर हजर. सिरिलच्या हातून झालं असतं हे? तो भित्रा चिठ्ठीवर फोरमनची सही घेतल्याशिवाय थेंबसुद्धा सोडायचा नाही.”

“नॉरिसच तो!” मागून कोणी तरी म्हणालं. हशा पिकला.

“तुम्ही फोरमनला विचारलं नाहीत?” हिलरीने विचारलं. ती भराभर लिहून घेत होती.

“हॅल्स्टेडला? पाणी म्हटलं की अंगावर धावून यायचा. त्याला कोण विचारतंय!”

“सही कराल? फलक बदलायचा तर लेखी लागतं.”

नॉरिसने कागद ओढला आणि पूर्ण नाव लिहून सही ठोकली. हसणाऱ्यांतल्या दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. “घे! आणि आता ते नाव काढ तिथून.”

हिलरीने कागदाची घडी घातली. “पुढच्या मार्चमध्ये ती गॅलरी खचली. नशिबाने खाली कोणी नव्हतं. जास्त पाण्याने काँक्रीट कच्चं राहिलं, असं चौकशीत निघालं.”

“ती हॅल्स्टेडची चूक. चौकशीतच ठरलं. त्यानेच पाणी घालायला...”

नॉरिसने हिलरीच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. आजूबाजूचं हसणंही थांबलं.

“बाबा मरेपर्यंत सांगत होते, मी पाणी घालायला लावलं नाही,” हिलरी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “कोणी ऐकलं नाही. परत कुठल्याही बांधकामावर त्यांना घेतलं नाही. सतरा वर्षं माझ्याच शाळेचं मैदान झाडत होते ते. पोरं खिडकीतून त्यांच्यावर पाणी ओतायची, आणि मी आत वर्गात बसलेली असायचे.”

नॉरिसने भोवती पाहिलं. साक्षीच्या सह्या करणारे दोघे खाली मान घालून उभे होते.

“पण मग... तू तर सिरिलचं नाव लिहिलंस,” तो पुटपुटला.

“सिरिल त्या दिवशी ब्लॅकपूलला समुद्रावर होता. त्याच्या बायकोनेच मला सांगितलं. गाडीवर कोण होतं, तेवढं तिला ठाऊक नव्हतं.” हिलरीने कागद पर्समध्ये ठेवून चेन ओढली. “विचारत फिरले असते तर तुमच्यातला एकही तोंड उघडता ना. म्हणून चुकीचं नाव लावलं आणि सकाळपासून इथे बसून राहिले.”