नाजूक वाद्य

निवृत्त झाल्यावर रणजीतरावांनी ट्रम्पेट शिकायला घेतलं. यशवंतपूरच्या त्यांच्या इमारतीत भेटेल त्याला ते बजावत, “पितळेचं असलं तरी फार नाजूक असतं हो. हवा दमट झाली की बटणं अडकतात, धक्का लागला की सूर बिघडतो.”

आणि अख्खी इमारत मदतीला धावली. खालच्या मजल्यावरच्या सोयराबाईंनी मऊ कापडाची खोळ शिवली. वरच्या नंदूने आत गादी लावलेली, कुलपाची पेटी करवून आणली. रणजीतरावांना अगदी भरून आलं. आपल्याला धड सारेगम वाजवता येत नाही, तरी लोकांना कलेची केवढी कदर! त्यांनी सगळ्यांसमोर ट्रम्पेट पेटीत ठेवलं आणि डोळे पुसत म्हणाले, “अक्का, उद्या सकाळी पहिलं गाणं तुमच्यासाठी.”

सोयराबाईंनी घाईघाईने झाकण लावलं. “नको अण्णा, वाजवून झिजेल ते.”

नंदूने कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

रणजीतरावांनी त्या खिशाकडे पाहिलं आणि त्यांना खो खो हसू फुटलं. आपण किती बेसूर वाजवतो, ते इतके दिवस इमारतीत सगळ्यांना ऐकू येत होतं. येत नव्हतं ते फक्त त्यांना एकट्याला.