शेजारची सीट

"काकू, क्लच, चारही टायर आणि बॅटरी बदलावी लागेल."

"सहा वर्षांत गाडी चार हजार किलोमीटर चालली. क्लच काय उभ्याउभ्या झिजला?" वैजयंतीबाईंनी विचारले. सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराने यादीतून क्लच खोडला. पाठोपाठ टायरही खोडले.

"बॅटरी मात्र खरंच गेलीय. बंद गाडीत कुणीतरी रोज रेडिओ लावतं. ड्रायव्हरची सीट कोरी आहे अन् शेजारची पार दबलीय."

पती गेल्यापासून रोज संध्याकाळी वैजयंतीबाई उभ्या गाडीत आपल्या डाव्या जागेवर तासभर बसत. हे त्यांनी लेकीलाही सांगितले नव्हते.

"सीट नवी बसवू?"

"नको. बॅटरी तेवढी बदला," त्या म्हणाल्या, "पण संध्याकाळच्या आत."