चिमटीतली राणी

मधपाळाने राणीमाशीला चिमटीत धरलं आणि दाबलं. या हंगामातली ही तिसरी. एका पेटीत एकच राणी नांदते. नवी आणायची तर जुनी मारावीच लागते. हात विजारीला पुसून त्याने चौकट पुन्हा उन्हात धरली. अळ्यांनी गच्च भरायला हवं ते पोळं चाळणीसारखं दिसत होतं. एक घर भरलेलं, एक रिकामं.

"आळशी निपजली," तो म्हणाला. "हिच्याच मुलीतून दुसरी करतो."

त्याची मुलगी माश्यांच्या संशोधन केंद्रात नोकरीला होती आणि आठवडाभराच्या सुट्टीवर आली होती. बापाला शिकवायला जाणं तिच्या जिवावर यायचं. आज मात्र ती बोललीच.

"बाबा, सोमवारी हीच चौकट मी भिंगाखाली धरली होती. घर न् घर भरलेलं होतं. एकही अंडं चुकलं नव्हतं तिचं."

"मग गेली कुठं?"

"अंडी उबून अळ्या झाल्या. आणि निम्म्या अळ्या कामकरी माश्यांनीच खाऊन टाकल्या."

तिने त्याला खोक्यावर बसवलं आणि सांगितलं. मादी व्हायला माशीला एका जनुकाचे दोन वेगळे प्रकार लागतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्हीकडून सारखाच आला, तर जन्मतो तो नर, आणि तोही कुचकामी. माश्यांना ते लगेच कळतं आणि त्या त्याचा निकाल लावतात.

"लाखो वर्षांत या जनुकाचे शंभरावर प्रकार झालेत," ती म्हणाली. "जो प्रकार दुर्मिळ, त्याची जोडी सहसा चुकत नाही, म्हणून तो टिकतो. माश्यांत परक्यालाच भाव असतो, बाबा. आणि आपल्याकडे प्रकार उरलेत दोन."

मधपाळाने आपल्या बोटांकडे पाहिलं. "म्हणजे त्या तिघींचा..."

"काहीच दोष नव्हता."

त्याच्या बावीस पेट्यांच्या सात झाल्या होत्या. पुढच्या वसंतापर्यंत एकही उरली नसती. आणि या साध्या माश्या नव्हत्या, त्याच्या आईच्या होत्या. झाडाच्या ढोलीतून पहिलं मोहोळ तिने हाताने काढलं होतं. ती गेली त्या वर्षी धाकटा भाऊ म्हणाला होता, बाहेरच्या राण्या आणू. हा म्हणाला होता, आईच्या माश्यांत परकं काही मिसळू देणार नाही. शब्दाला शब्द वाढला. धाकट्याने निम्म्या पेट्या उचलल्या आणि डोंगरापलीकडे बिऱ्हाड केलं. त्यानंतर चौदा वर्षं दोघांत चकार शब्द नाही. मधपाळ मात्र भेटेल त्याला सांगायचा, 'त्याने आईच्या माश्या बुडवल्या.' एखादं परकं मोहोळ वाट चुकून इकडे आलं, तर तो धूर करून हाकलून द्यायचा.

"काकांकडे वेगळे प्रकार असतील," मुलगी म्हणाली. "त्यांच्या तीन-चार राण्या मिळाल्या, तरी आपण तरू."

दुसऱ्या दिवशी मधपाळ बसमध्ये बसला. पिशवीत राण्या आणायच्या जाळीच्या डब्या होत्या. 'तुझं बरोबर होतं' एवढे तीनच शब्द म्हणायचे होते. दोन तास तो तेच मनात घोळवत राहिला.

धाकट्याने फाटक उघडलं. त्याचे केस पांढरे झाले होते. हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही, असं मधपाळाच्या मनात आलं. त्याला वाईट वाटलं.

"तुझं बरोबर होतं," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "बाहेरच्या राण्या आणायला हव्या होत्या. तू आणल्यास म्हणून तरलास. माझं सगळं बसलं. चार राण्या दे."

धाकट्याने दादाच्या हातातली पिशवी घेतली आणि त्याला परसात नेलं. भिंतीकडेला पेट्या होत्या. मधपाळाने मोजल्या. सहा. धाकट्याने पहिलीचं झाकण काढलं, मधली चौकट वर ओढली आणि उन्हात धरली.

चाळणी. एक घर भरलेलं, एक रिकामं.

मधपाळाने दुसरी चौकट स्वतः उचलली. मग शेजारच्या पेटीतली. सगळीकडे तेच.

"त्या बाहेरच्या राण्या कुठायत?"

"आणल्या होत्या. तशाच परत केल्या." धाकट्याने चौकट जपून जागेवर ठेवली. "आधी जुनी मारावी लागते ना. आईची राणी चिमटीत धरली, दादा. दाबवली नाही."