शेवटचा टेकू

कमानीच्या छताचा शेवटचा टेकू ज्याने छत बांधलं त्यानेच, खाली उभं राहून काढायचा, ही गवंड्यांची रीत. बँकेच्या तिजोरीच्या खोलीत मिस्त्री एकटाच उभा होता. "टिकू दे रे देवा," म्हणत त्याने डोळे मिटले आणि टेकूवर घण घातला. टेकू पडला, धुळीचा लोट उठला, पण छत जागचं हललं नाही. धूळ बसल्यावर बॅटरीच्या उजेडात दिसलं, की पोलादी दारही लागलंय.

"मेहुणे, दार का लावलंत?"

"नव्या रंगावर धूळ नको, दाजी!" बाहेरून लोहार मेहुणा ओरडला. लोटताच आपोआप कुलूप लागणारं ते दार त्यानेच घडवलं होतं.

"अहो, किल्ली माझ्याकडे सांभाळायला दिलीत ना! आणि आतून भोकच नाही!"

"आतून कोण कशाला उघडेल?"

"दुसरी किल्ली?"

"चोराला सापडू नये म्हणून केलीच नाही."

"मग फोडा दार!"

"फुटायला ते काय तुमचं छत आहे?"

"आणि हवा?"

"एक झुळूक शिरली तर नाव बदलेन!" मेहुण्याचा ऊर अभिमानाने भरून आला.

मिस्त्रीने घण उचलला आणि वर पाहिलं.

"देवा, मघाचं मागणं मागे घेतो."