गुरांमागची शीळ

भावसिंगला गुरं हाकणाऱ्या काऊबॉयचे इंग्रजी पिक्चर फार आवडायचे. "हे तर आपल्या तांड्याचेच लोक," म्हणायचा. तो गेल्यावर वर्षानं योगेशनं वसमतहून बापाच्या आवडीची सीडी आणली आणि दुपारी आईला, पारुबाईला, लावून दिली.

टीव्हीवर घोडेस्वार गुरं घेऊन निघाले, तशी शीळ आली. दोन आखूड, एक लांब. भावसिंग बैलाला अशीच घालायचा.

"पिक्चरातली हाय, आई," योगेश म्हणाला.

तेवढ्यात लाईट गेली. टीव्ही बंद पडला. शीळ थांबली नाही; ती आता अंगणातून येत होती.

दोघं दारात आले. म्हातारा बैल मान लांबवून, माणसाच्या तळहाताच्या उंचीवर, रिकामी हवा चाटत होता.

पारुबाईनं डोक्यावर पदर घेतला. "उन्हात काहून उभे तुमी?" ती हळूच म्हणाली. "आत या."

बैलानं चाटणं थांबवलं. त्याची नजर हळूहळू दाराकडं सरकत आली.